माझ्या फिल्ममधली दुसरी ओळ

माझ्यावर लहान मुलांसाठी कार्टूनची फिल्म करायची आहे, हे सांगायला यवतमाळहून एक मुलगी आली तेव्हा मी दिग्रसच्या अलीकडे ट्रान्सफॉर्मरच्या डीपीतला फ्यूज बदलत होते. ती लिंबाखाली थांबली. मी हातमोजे काढेपर्यंत एक शब्द बोलली नाही, हे मला आवडलं. एरवी लोक हात तारेजवळ असतानाच गप्पा सुरू करतात.

मी लाईनमन आहे. बाई असले तरी कागदावर आणि लोकांच्या तोंडी लाईनमनच. माझा नवरा ठेकेदाराकडे हेच काम करायचा. तो खांबावर असताना कुणीतरी सप्लाय चालू केला आणि तो तारेला लटकून राहिला. लाईन बंद करून त्याला खाली घेईपर्यंत सगळं गाव मान वर करून बघत होतं. मीही बघत होते, लेक कडेवर होती. पुढे मी आयटीआय केलं, परीक्षा दिली आणि त्याच तारांवर कामाला लागले. लोकांना यात फार मोठं काही दिसतं. मला पोरगी वाढवायची होती आणि जागा वीज खात्यातच निघाल्या होत्या.

ती मुलगी मग येत राहिली. मोबाईलवर माझे हात टिपायची, पाय कुठे कसा टाकते ते टिपायची. लॅपटॉपवर दाखवायची की मी एक पाऊल वर टाकलं तर तिला किती चित्रं काढावी लागतात, अख्खी सकाळ जाते. तिनं काढलेली मी बुटकी होते, डोळे मोठे, वेणी वाऱ्यावर उडणारी. ती छोटी मी खांबावर चढताना पाहून मला खरंच बरं वाटायचं. माझ्याकडे इतका वेळ कुणी लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

एकदा तिनं विचारलं की सुरुवातीला लोकांनी त्रास दिला असेल ना, मुलांना तो संघर्ष दिसायला हवा. मी नाही म्हटलं. पुढच्या खेपेला तिनं पुन्हा विचारलं, अगदी हळू, हात धरून. तेव्हा मी सांगितलं की मी नवी होते तेव्हा खांबावर चढले की खालून गाणं सुरू व्हायचं, 'वांदरी चढली खांबावर'. आमच्या खात्यातली माणसं म्हणायची, पानठेल्यावरची पोरं म्हणायची. हे गाणं कुणी जुळवलं ते मी सांगितलं नाही. त्याला दुसरी ओळ होती, तीही सांगितली नाही. ती मी माझ्या आईलाही सांगितली नव्हती. गाणं केव्हाच बंद पडलं होतं. तेव्हाच्या त्या पोरांना आता पोरं झाली होती, ते मला ताई म्हणायचे, लाईट गेली की फोन करायचे.

तिनं ती ओळ तिथंच गुणगुणून पाहिली. चाल छान आहे, म्हणाली.

फिल्म पहिल्यांदा आमच्या गावच्या शाळेत दाखवली. खिडक्यांवर सतरंज्या टांगून अंधार केला होता. पोरं खाली बसली होती, मागे बुद्धविहारातल्या बाया पांढरी लुगडी नेसून आल्या होत्या, आमचे साहेब आले होते. पहिल्या रांगेत एक रिटायर झालेला लाईनमन बसला होता. मी कामाला लागले तेव्हा तो माझा वरिष्ठ होता. सगळे त्याला काका म्हणत. ते गाणं त्यानं जुळवलेलं. रिटायर झाल्यावर तो दिग्रसला भजनात गातो एवढं ऐकून होते. मला वाटलं, ऑफिसनं बोलावलं असेल.

फिल्म सुरू झाली. छोटी मी खांबावर चढायला लागले. खाली एक मोठ्या मिशांचा जाडा माणूस आला, त्यानं तोंड उघडलं आणि त्या तोंडातून काकांचा आवाज आला. त्यांच्यासारखा नव्हे, त्यांचाच.

वांदरी चढली खांबावर,
शेपूट राह्यलं तारेवर.

ढोलकी वाजली. पडद्यावर एक लांब शेपूट तारेला लटकून झोके घ्यायला लागलं, आणि खाली बसलेली सगळी पोरं खिदळली. माझी लेकही हसली. दिग्दर्शक मुलगी माझ्या शेजारीच होती. तिनं माझा हात दाबला. राहिलेली ओळ शोधून काढल्याचा तिला आनंद झाला होता.

शेपूट म्हणजे माझा नवरा. तो काटकुळा होता, कमी बोलायचा, बाजाराच्या दिवशी पिशवी धरून माझ्या मागं मागं चालायचा. बरोबरचे लोक त्याला माझं शेपूट म्हणायचे. तो तारेवर गेला आणि त्याच्या जागी मी आले, तेव्हा काकांनी ही ओळ केली.

फिल्मचा शेवट चांगला आहे. वादळात गाव अंधारात बुडतं, मी लाईट आणते, मिशावाला हात जोडतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच गाणं सुरू केलं. त्यांना ते एकदाच ऐकून पाठ झालं होतं.

मग सत्कार झाला. मुलांसाठी आवाज दिला म्हणून काकांना शाल-श्रीफळ माझ्या हातून द्यायचं ठरलं होतं. काका माईकवर म्हणाले, "ह्या पोरीले खांबावर चढणं मीनं शिकोलं." ते खरंच होतं. मी त्यांच्या खांद्यावर शाल घातली तेव्हा ते जरा वाकले आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलले, "पुरं गाणं नव्हतं सांगतलं तू त्या पोरीले. मंग मीनं सांगतलं."

मी त्यांच्या हातात नारळ दिला. त्या वेळचा फोटो ऑफिसात लावला आहे. त्यात मी हसते आहे.

काही दिवसांनी मी यवतमाळला गेले आणि त्या मुलीला सगळं सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला. ती रडली, खोटं नाही रडली. म्हणाली, खऱ्या लाईनमनचा आवाज हवा होता, गाणारे म्हणून ऑफिसनंच काकांचं नाव सुचवलं. तिनं पहिली ओळ म्हणताच ते सरसावून बसले आणि पुढची त्यांनी आपणहून दिली. तिला वाटलं, घबाड मिळालं. मी म्हटलं, ती ओळ काढ. फिल्म शाळांमध्ये गेली होती, बाहेरगावी स्पर्धेलाही गेली होती.

"ताई, मुलांना त्याचा अर्थ कुठे कळतो?" ती म्हणाली. "त्यांच्यासाठी ते माकडाचंच शेपूट आहे." मग डोळे पुसून म्हणाली, "आणि ते गाणं काढलं तर फिल्ममध्ये काही उरत नाही."

फिल्मच्या शेवटी माझ्या नवऱ्याचा फोटो टाकू का, असंही तिनं विचारलं. मी नको म्हटलं. तिनं चहा दिला, तो प्यायले आणि एसटीनं परत आले.

त्यानंतर ज्या गावात खांबावर चढेन तिथं पोरं धावत येतात. त्यांच्या तोंडावर वाईट काही नसतं. फिल्मसारखं गाणं म्हणतात, फिल्मसारख्या टाळ्या वाजवतात. त्यांच्या आया दारात उभ्या राहून कौतुकानं मला सांगतात की पोरं तुमचंच गाणं म्हणून राह्यले. महिला दिनाला गावाच्या ग्रुपवर कुणीतरी तेवढाच तुकडा टाकला, लटकणाऱ्या शेपटाचा, खाली फुलं आणि जोडलेले हात. पूर्वी म्हणणाऱ्यांचा मला राग तरी करता येत होता. हे लोक माझ्यासोबत सेल्फी मागतात.

मग एकदा शाळेजवळच्या खांबावर तारेचा जोड जळाला. मी वर असतानाच मधली सुट्टी झाली. पोरं कुंपणाच्या भिंतीशी जमली, गाणं सुरू झालं. मी खाली बघत नाही, पण त्या आवाजांमध्ये मला एक आवाज ओळखू आला आणि मी पाहिलं. माझी लेक मधल्या रांगेत उभी होती, टाळ्या वाजवत होती. सगळ्यांत मोठ्यानं नाही आणि हळूही नाही. तिनं दुसरी ओळही म्हटली. आमची नजरानजर झाली. ती थांबली नाही.

संध्याकाळी मी भाकरी थापत होते, ती समोर बसली होती. मी विचारलं, "काहून म्हणत होती तू?"

"नाई म्हटलं तं सारे मलेच वांदरीचं पिल्लू म्हणते," ती म्हणाली. "संगं म्हटलं का मंग नाई म्हणत."

तिनं हे केव्हापासून ओळखलं होतं, कोण जाणे. घरी तिनं कधी काही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, खरं कळलं तर ती थांबेल. मी तिला दुसऱ्या ओळीचा अर्थ सांगितला. शेपूट कोण, ओळ कुणी जुळवली, तिचा बाबा तारेवर कसा राहिला आणि ती तेव्हा माझ्या कडेवर होती, सगळं. तव्यावरची भाकरी करपली.

ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, लोक त्याले शेपूट म्हणते हे बाबाले मालूम होतं का. मी म्हटलं, होतं, तो हसायचा.

मग ती म्हणाली, "आता तं थांबताच येत नाई, आई. थांबली तं विचारतीन, काहून थांबली. मंग साऱ्यायले मालूम पडन."

करपलेली बाजू खरवडून मी भाकरी तिच्या ताटात टाकली आणि ती जेवली.

शाळेजवळच्या त्या खांबावर माझं काम अजून निघतं. ती सगळ्यांबरोबर भिंतीशी येते, दोन्ही ओळी म्हणते. वर मात्र बघत नाही.