मोकळा ठेवलेला कान

माझं काम ऐकण्याचं आहे. अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासून झाला की यंत्रात बोलतो, ते बोलणं पुण्यात येतं आणि मी ते ऐकून टाइप करते. याला मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन म्हणतात. बीएस्सी झालेल्या आणि पुढे काय करायचं ते न सुचलेल्या आमच्यासारख्या मुलींना त्या काळात पुण्यात अचानक सापडलेली ही नोकरी. पहिली काही वर्षं ऑफिसात बसून केली. मग इंटरनेट घरोघर आलं आणि माझं ऑफिस वारज्याच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या दारापाशी येऊन बसलं.

या कामात एकच नियम कडक असतो. शब्द ऐकू आला नाही तर अंदाजाने घालायचा नाही. तिथे रेघ मारायची आणि जागा मोकळी सोडायची. तिला ब्लँक म्हणतात. ब्लँक सोडण्यात कमीपणा नाही, ठोकून देण्यात आहे, असं आमच्या शिकवणाऱ्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या.

आमचे बाबा ब्लँक सोडत नसत. त्यांची सगळी नोकरी कारखान्यातल्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांशेजारी गेली आणि निवृत्त झाले तेव्हा कान जवळजवळ गेलेले होते. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. मी विचारायचे, "बाबा, मेथी निवडू का?" ते म्हणायचे, "शेती विकली म्हणून तर तुझं शिक्षण झालं." काहीच पोचलं नाही तर "हो, हो." जेवलात का, हो, हो. दुखतंय का, हो, हो. दारात कोण आहे, हो, हो. मला त्या "हो, हो"चा मनापासून राग यायचा. श्रवणयंत्र तीनदा बदलून आणलं, तरी यंत्रातच खोट आहे हे त्यांचं पालुपद सुटेना. शेवटी मी एकदा म्हणाले, "यंत्र चांगलं आहे बाबा. कान गेलेत." हे मी ज्या सुरात म्हणाले तो त्यांना ऐकू आला नसेल, असं मी सोयीने धरून चालले.

त्यानंतर दोन-एक वर्षांनी मला क्वालिटीवालीचा फोन आला. ही आमच्या कंपनीतली मुलगी. आम्ही टाइप केलेलं पुन्हा ऐकून चुका काढणं हे तिचं काम. वयाने माझ्यापेक्षा खूपच लहान, पण बोलायला चांगली.

"मॅम, तुमच्या तीन फाइल्समध्ये सेम इश्यू आहे. डिस्फेजियाचं डिस्फेझिया झालंय."

या दोन शब्दांत उच्चाराचा फरक केसाएवढा. अर्थाचा मात्र पुष्कळ. पहिल्यात माणसाला गिळता येत नाही, दुसऱ्यात बोलता येत नाही.

"मग मी ब्लँक सोडायला हवी होती," मी म्हणाले.

"तेच ना मॅम. तुम्ही कधी गेस करत नाही. पण आता पुन्हा झालं तर या हॉस्पिटलचं काम तुमच्याकडून काढून घेतील. तुमच्याकडे तर तेवढंच आहे."

तेवढंच होतं, हे खरं. आवाज ओळखून आपोआप टाइप करणारी सॉफ्टवेअरं आली होती, जुनी कामं एकेक करून गेली होती. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त, अपमान वाटला. कारण मी अंदाज केलाच नव्हता. मला तो शब्द स्पष्ट ऐकू आला होता.

म्हणजे दोष इअरफोनचा. मी शांतपणे त्या निष्कर्षाला आले आणि शनिवारी बुधवार पेठेत गेले.

तपकीर गल्लीत आता तपकीर सोडून विजेवर चालणारं सगळं मिळतं. मी ज्या दुकानात गेले तिथले दुकानदार साठीचे, नाकाच्या टोकावर चष्मा ठेवून तारांना डाग देणारे. मी सांगितलं, कानाच्या आत बसणारे पाहिजेत, मधल्या किमतीचे, गाण्यासाठी नकोत, बोलणं ऐकायला हवेत.

"बोलणं ऐकायला इअरफोन," ते म्हणाले. "आमच्या घरी फुकट मिळतं."

तरी चार सेट त्यांनी काउंटरवर मांडले. मी तयारीने गेले होते. आमची सरावाची जुनी फाइल मला पाठ होती, आणि पाठ असलेलं सगळ्याच इअरफोनमधून छान ऐकू येतं. म्हणून क्वालिटीवालीला सांगून मी तिच्याकडून फसव्या जोड्यांचे दहा शब्द फोनवर रेकॉर्ड करून घेतले होते. क्रम तिने तिच्या मनाने लावलेला. उत्तरं मला माहीत नव्हती.

पहिल्या सेटमध्ये खर्ज एवढा की ती मुलगी पिंपात तोंड घालून बोलतेय असं वाटलं. दुसरा त्याच्या उलट, प्रत्येक स आणि श टोचत होता. शिवाय त्याची रबरी टोपी माझ्या कानाला मोठी, मधली टोपी लावली तर जबडा हलवताच बाहेर. तिसऱ्याची वायर कानामागून वळवून घ्यायची होती, तिथे चष्म्याची काडी आधीच मुक्कामाला. चौथ्याला स्पंजची टोपी होती. ती चिमटीत दाबून कानात घालायची आणि फुगेपर्यंत थांबायचं. ती मात्र अशी बसली की गल्लीतले हॉर्न लांब गेले. आवाजही साधा, सरळ, कुणाची बाजू न घेणारा. मी प्रत्येक सेटवर दहा शब्द ऐकून कागदावर लिहिले. चारही याद्या जवळपास सारख्या आल्या आणि चारही ठिकाणी डिस्फेझिया होता. डिस्फेजिया एकदाही नाही.

मी तिला तिथूनच फोन केला. ती म्हणाली, "मॅम, दोन्ही आहेत. दुसरा नंबर आणि सातवा."

"चारही सेट खराब आहेत," मी दुकानदारांना सांगितलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो मॅडम, मघापासून बघतोय. दुसरा कान घरी ठेवून आलात का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की चारही सेटचा डावाच तुकडा मी कानात घातला होता. उजवा गळ्याशी लोंबत होता. ती माझी सवय. घरी काम करताना बेल वाजते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात, बाबा हाक मारतात. म्हणून उजवा कान घरासाठी मोकळा आणि डावा अमेरिकेसाठी. पुटपुटणारा डॉक्टर आला की आवाज वाढवायचा. बारा-तेरा वर्षं हे असंच चाललं होतं.

मी उजवा तुकडा उजव्या कानात घातला. स्पंज फुगला. दुसरा शब्द आला, डिस्फेजिया. एवढा स्वच्छ, की ती मुलगी काउंटरवर उभी राहून बोलत असावी.

"म्हणजे डाव्या बाजूचा तुकडा खराब आहे," मी म्हणाले.

दुकानदारांनी उजवा तुकडा काढून घेतला, नवी टोपी चढवली आणि माझ्या डाव्या हातात दिला. मी तो डाव्या कानात घातला. डिस्फेझिया.

"सेट चांगला आहे मॅडम," ते म्हणाले. त्यापुढचं वाक्य त्यांनी सभ्यपणाने गिळलं. मला ते पाठ होतं.

चौथा सेट घेतला आणि बसने घरी आले. वाटेत मला बाबांची लाज वाटत राहिली, म्हणजे त्यांच्याशी बोललेल्या त्या एका वाक्याची. कान ब्लँक सोडत नाही, हे मला इतकी वर्षं ऐकण्याचं काम करून कळलं नव्हतं. जिथे ऐकू येत नाही तिथे तो आपल्या मनाने शब्द भरतो आणि वर खात्री देतो. बाबा ठोकून देत नव्हते. त्यांना ती शेती खरोखरच ऐकू आली असणार.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला. उजव्या कानाची रेघ सरळ होती, डाव्याची शेवटी उतरत गेलेली. गेलेलं परत येत नाही, ते म्हणाले. दोन्ही कानांत इअरफोन घाला आणि आवाज कमी ठेवा. मग घर कशाने ऐकू, हे काही मी त्यांना विचारलं नाही.

मी अदलाबदल केली. उजवा कान अमेरिकेला दिला, आवाज निम्म्यावर आणला, डावा घराला. पुढच्या फाइल्स स्वच्छ गेल्या. क्वालिटीवालीने "सुपर, मॅम" असा मेसेज पाठवला. हॉस्पिटल माझ्याकडे राहिलं. कुकर मात्र दोनदा करपला.

बाबांना मी काहीच सांगितलं नव्हतं. आलेखाचा कागद टेबलावर औषधांच्या डब्याखाली होता. एका दुपारी मी एक लांबलचक फाइल करत बसले होते, उजव्या कानात स्पंज. बाबा डावीकडे येऊन खुर्चीवर बसले आणि काहीतरी म्हणाले.

"हो, हो," मी म्हणाले.

ते बसूनच राहिले. थोड्या वेळाने माझ्या दंडाला हात लागला म्हणून मी वळले. त्यांच्या हातात तो कागद होता.

"अगं, मी विचारलं, कुठला कान?"

मी इअरफोन काढला. "डावा," मी म्हणाले.

"हो, हो," बाबा म्हणाले.

मला वाटलं, पोचलं नाही. पुन्हा मोठ्याने सांगणार, तेवढ्यात ते उठले. खुर्ची उचलली, माझ्या पाठीमागून वळसा घालून उजव्या बाजूला आणून ठेवली आणि तिच्यावर बसले.