शेखसाहेबांचा शब्द

शेखसाहेब स्वतःच्या हॉटेलात पुढच्या दाराने कधी आले नाहीत. ओटावाच्या डाउनटाउनमधलं आमचं हॉटेल तसं झोकदार. काचेचं फिरतं दार, बाहेर टोपीवाला दारवान, आत हे एवढं झुंबर. मालक येणार म्हटलं की जनरल मॅनेजर टाय सावरत त्या दाराशी उभा राहायचा. आणि मालक मागच्या गल्लीत कचऱ्याच्या डब्यांशेजारी टॅक्सीतून उतरून, कामगारांच्या दाराने थेट बेसमेंटमध्ये, माझ्या लाँड्रीत हजर! करडा ओव्हरकोट, कानांपर्यंत गुंडाळलेला मफलर आणि हातात स्वतःची बॅग. "लाँड्री बघितली की हॉटेल बघून झालं," म्हणायचे. मॅनेजर बिचारा वर अर्धा तास ताटकळायचा.

मी नागपूरची, होम सायन्सची बी.एस्सी. इथे त्या डिग्रीला कुणी हिंग लावून विचारलं नाही. नवऱ्याला कनाटात, म्हणजे ओटावाच्याच उपनगरात, नोकरी लागली आणि मी हॉटेलात खोल्या आवरायला लागले. पलंगांवर चादरी ताणता ताणता बारा वर्षांनी लाँड्रीची सुपरवायझर झाले. हाताखाली अकरा बायका: फिलिपिन्सच्या, पंजाबच्या, इरिट्रियाच्या. त्यांतली लोर्ना सगळ्यांत जुनी, माझ्याच वयाची. चादरीची घडी अशी घालायची की इस्त्रीने लाजावं. साहेब मला नावाने कधी हाक मारायचे नाहीत. "मुदीरा" म्हणायचे, म्हणजे मॅनेजरीणबाई. घरी मी ते ऐटीत सांगितलं, तर नवरा म्हणाला, "बरंय, कुणीतरी मानतं तुला."

शेख हे नाव आम्हीच ठेवलेलं, त्यांना ते मुळीच आवडायचं नाही. "कसला शेख! मी सराईवाल्याचा मुलगा." त्यांच्या वडिलांची एका बंदरगावात दहा खाटांची सराई होती. मुंबईचे, कच्छचे व्यापारी तिथे उतरायचे, त्यामुळे साहेबांना मोडकंतोडकं हिंदुस्तानी यायचं. खाऱ्या पाण्यात चादरी धुण्यापासून या माणसाने सुरुवात केली आणि तीन देशांत हॉटेलं उभी केली. पेपरात फोटो यायचा तो मात्र हॉटेलाबरोबर नाही. कुठे शाळा, कुठे डायलिसिसचं सेंटर. देणगी मोठी द्यायची आणि फोटोत कडेला उभं राहायचं. मी एकदा विचारलं, "साहेब, मधे का नाही उभे राहत?" तर म्हणाले, "मधे उभा राहिलो तर इमारत दिसत नाही."

टॉवेल हातात घेतला की आधी नाकाला लावायचे. एकदा घडी घातलेल्या उशीच्या अभ्र्यावर त्यांना डाग सापडला. कुणी केलं हे विचारलं नाही, आवाज चढवला नाही. कोट काढला, बाह्या वर सारल्या, वरच्या किचनमधून लिंबू आणि मीठ मागवलं आणि स्टुलावर बसून तो डाग स्वतः घासत बसले. त्या अकराजणी आणि मी, बारा बायका, भिंतीला टेकून उभ्या. रागावले असते तर परवडलं असतं हो! डाग गेल्यावर अभ्रा लोर्नाच्या हातात देऊन म्हणाले, "चादर फाटली तर रफू करता येते. शब्दाला रफू नाही. तुम्ही पाहुण्याला स्वच्छ बिछान्याचा शब्द दिलाय." असली वाक्यं त्यांच्याकडे ढिगाने होती. त्या वेळी आम्ही मागे नक्कल करून हसायचो.

आता ती कॉफीची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. हॉटेल विकत घेतल्यानंतर साहेबांनी सगळ्या सुपरवायझरना एकेक करून वर भेटायला बोलावलं. माझी पाळी आली तो दिवस नेमका हरतालिकेचा. मी अजूनही निर्जळी करते. नवरा आहे तो आहेच, तरी करते. साहेबांनी थर्मासमधून, बिनकानाच्या इवल्याशा कपात, पिवळसर वेलदोड्याची कॉफी स्वतः ओतली आणि माझ्यापुढे धरली. एवढा मोठा माणूस हाताने देतोय, नको कसं म्हणायचं? आपल्याकडे आग्रह झाला की पानात घेऊन हळूच बाजूला सारतात, तसा मी कप घेतला आणि टेबलावर ठेवून दिला.

साहेब एकदम ताठ झाले. "बोल," म्हणाले. "काय हवंय?"

मला काही उमगेना. मग त्यांनीच समजावलं. त्यांच्याकडे पाहुण्याने कॉफी न पिता समोर ठेवली, तर त्याला यजमानाकडे काही मागायचं असतं. यजमानाने विचारायचं, आणि देणार असेल तर म्हणायचं, "पी." तोवर पाहुणा कपाला तोंड लावत नाही.

तेव्हाच "अहो, माझा उपवास आहे" म्हणून मोकळी झाले असते! पण माझ्या जिभेला हाड नाही. त्याच आठवड्यात मॅनेजरने लाँड्री बंद करून कपडे बाहेरच्या कंपनीकडे धुवायला द्यायचा घाट घातला होता आणि माझ्या बायकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "लाँड्री बंद करू नका."

साहेबांनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट लावलं. मग म्हणाले, "मी आहे तोवर बंद होणार नाही. पी."

"पण साहेब, मला नाही पिता येत. उद्या सकाळपर्यंत पाणीसुद्धा चालत नाही."

त्यांनी एकदा कपाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "म्हणजे तुला काही मागायचं नव्हतंच?"

"नव्हतं."

असे हसले, असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. रुमालाने डोळे पुसत म्हणाले, "चूक तुझी, पण शब्द माझा. उद्या येतो." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी, विमान गाठायच्या आधी, मागच्या दाराने थर्मास घेऊन आले. घरी गणपती पाटावर बसायचे होते, मोदकांची उकड काढायची होती, आणि मी बेसमेंटमध्ये! हरतालिकेचा उपवास बिनसाखरेच्या अरबी कॉफीवर सोडणारी मी पहिलीच असेन. जाताना तो थर्मास आणि ते कप त्यांनी लाँड्रीतच ठेवले. "इथली यजमान तू," म्हणाले. तेव्हापासून ते आले की कॉफी मी करायची आणि त्यांनी प्यायची. ही गोष्ट माझ्या बायकांना तोंडपाठ होती. नवीन बाई कामाला आली की लोर्ना पहिल्या दिवशी तिला हीच सांगायची.

तो शब्द त्यांनी चौदा वर्षं पाळला. तीन मॅनेजर आले नि गेले, प्रत्येकाने लाँड्री बंद करायचा कागद पुढे केला आणि प्रत्येकाला नकार मिळाला. कोविडमध्ये हॉटेलात चिटपाखरू नव्हतं. आम्ही घरी बसायची तयारी केली, तर साहेबांचा फोन: "शहरातल्या निराधारांच्या शेल्टरच्या चादरी आणून धुवा. मशीन बंद ठेवलं की गंजतं, माणूसही." आम्ही तोंडाला मास्क बांधून महिनोन् महिने त्या चादरी धुतल्या, आणि आमचा पगार चालू राहिला. त्यात त्यांचं नाव कुठेही नव्हतं.

पण त्यानंतर त्यांचे दिवस फिरले. धंदा मुलांच्या हातात गेला आणि हॉटेलं एकेक करून विकली गेली. साहेबांना अर्धांगाचा झटका आला. दोन हिवाळ्यांपूर्वी ते शेवटचे आले तेव्हा गल्लीत गुडघाभर बर्फ होता. कपड्यांच्या गाड्या चढवतो त्या उतारावरून ड्रायव्हरने त्यांची व्हीलचेअर आत आणली. ड्रायव्हरला त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं. मी लगबगीने कॉफी केली, ओतली. त्यांनी डाव्या, चालणाऱ्या हाताने कप घेतला आणि माझ्या टेबलावर ठेवून दिला.

मी आधी म्हटलं, हात थरथरतोय म्हणून ठेवला असेल. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं, साहेब मागायला आलेत. "काय हवंय साहेब?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं, यजमान मी होते.

"दिलेला शब्द परत हवाय," ते म्हणाले.

जीभ जड झाली होती, सावकाश बोलत होते. शहरातल्या एका इस्पितळाला त्यांनी लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनांचा विभाग बांधून द्यायचं कबूल केलं होतं. विकण्यासारखं आता आमचं हे एकच हॉटेल उरलं होतं. घेणारे त्याचे कॉन्डो, म्हणजे विकायचे फ्लॅट, करणार होते. कॉन्डोला लाँड्री कशाला लागते!

"दोन ठिकाणी शब्द देऊन बसलो, मुदीरा. पुरवायला हॉटेल एकच. तीन वाजता सही आहे. मुलगे म्हणतात, लाँड्रीवालीला काय विचारायचं? पण शब्द तुला दिलाय. तू परत दिलास तर सही करीन. नाहीतर नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर इस्पितळात जाऊन त्यांच्यापुढे कप ठेवीन."

माझ्या बायका दहा पावलांवर होत्या. मशीनच्या घरघरीत त्यांना काही ऐकू येत नव्हतं. लोर्ना आणि पंजाबची हरजीत चादरीची दोन-दोन टोकं धरून घडी घालत होत्या, आणि लोर्नाची नजर आमच्याकडे होती. दहा पावलं चालायची, मशीन बंद करायचं आणि म्हणायचं, बायांनो, असं असं आहे, काय करू? नोकऱ्या त्यांच्या जाणार होत्या. माझं काय, नवऱ्याचं पेन्शन होतं, घर फिटलेलं होतं. पण खरं सांगू? मला त्या क्षणी मोठेपणा वाटला. एवढा मोठा माणूस, इस्पितळं बांधणारा, मला विचारायला आलाय! शिवाय त्या आजारी पोरांचे चेहरे डोळ्यांपुढे आले आणि साहेबांचा तो लुळा पडलेला हात बघवेना. मी म्हटलं, "प्या, साहेब."

त्यांनी कॉफी संपवली. पुरे झाली म्हणायची त्यांची खूण होती तसा रिकामा कप हलवून परत दिला. मग म्हणाले, "तुझ्या बायकांना मी सांगू? सांगायला हवं."

"नको, मी सांगते," मी म्हटलं.

आणि मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता दीड महिना गेला आणि भिंतीवर नोटीस लागली. अकराजणी ती वाचत होत्या आणि मीही त्यांच्यात उभी राहून, जणू काही ठाऊकच नाही अशी, वाचत होते. हरजीत रडायला लागली तेव्हा तिला पाणी नेऊन दिलं. लाज वाटते लिहिताना. नव्या मालकांकडे तुमच्यासाठी शब्द टाकतो असं साहेब त्या दिवशी जाताना म्हणाले होते. टाकलाही असेल, पण नव्या मालकांना कॉफीची रीत कुठे ठाऊक! बायका पांगल्या. साठीला आलेल्या लोर्नाला कुणी हॉटेलात घेईना. ती आता कनाटात ऑफिसं झाडायला जाते, दोन बस बदलून. माझे फोन ती उचलत नव्हती.

साहेब गेल्या वर्षी त्यांच्या गावी वारले. मुलांचा विभाग उभा राहिला, त्याच्या दारावर त्यांचं नाव आता मोठ्या अक्षरांत आहे. नको म्हणायला ते नव्हते. उद्घाटनाची बातमी वाचली आणि मला राहवेना. पत्ता होता, तशीच बस पकडून लोर्नाच्या अपार्टमेंटवर गेले.

तिने दार उघडलं, आत घेतलं, इन्स्टंट कॉफी करून पुढे ठेवली. मी कप उचलला आणि न पिता टेबलावर ठेवला.

लोर्ना कपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हाताऱ्याने त्या दिवशी असाच ठेवला होता. मी बघितलं होतं. तेव्हापासून वाट बघत होते, तू येऊन सांगशील म्हणून. काय मागितलं त्याने?"

मी सगळं सांगितलं. इस्पितळ, सही, दहा पावलं, सगळं. मी माफी मागितली. डोळे पुसायला पर्समधला रुमाल शोधत होते, तेव्हा ती म्हणाली, "आम्ही हो म्हटलं असतं गं. लहान पोरांचं इस्पितळ आहे, नाही कोण म्हणेल? पण विचारायचं होतंस."

साहेब अर्धं अंग लुळं पडलेलं असताना, बर्फातून, मागच्या दाराने मला विचारायला आले होते. मी दोन धड पायांची. मला ती दहा पावलं चालता आली नाहीत. जन्मभर त्यांच्या शब्दाचं कौतुक सांगत फिरले, आणि त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंसंही घेतलं नाही.

कॉफी गार झाली होती. लोर्ना उठली, कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवून गरम केला आणि पुन्हा माझ्यापुढे आणून ठेवला. मग माझ्यासमोर बसली. आम्ही दोघी त्या कपाकडे बघत कितीतरी वेळ बसलो. "पी" काही ती म्हणाली नाही.