जिभेवरचा नकाशा

दारातून आत आल्यावर ते गृहस्थ आधी जीभ दाखवत, रामराम त्यानंतर. पलूसच्या माझ्या दातांच्या दवाखान्यात बाकीचे रुग्ण तोंड उघडायला कां-कूं करत, आणि हे मात्र पायताण काढता काढताच जीभ बाहेर काढून उभे. बाकावरच्या बाया पदराआड हसत.

"बघा डाक्टर, नकाशा पुन्यांदा बदलला."

नकाशा हा शब्द त्यांचाच. जिभेवर लालसर चट्टे, भोवती पांढरी किनार. आज डाव्या कडेला, काही दिवसांनी शेंड्यावर. तिखट लागलं की आग. हा विकार निरुपद्रवी असतो, त्याचा कॅन्सर होत नाही आणि मनावर ताण आला की पुष्कळांत तो उफाळतो, हे मी शिकलो होतो. म्हणून पहिल्या खेपेला "काही नाही, काळजी करू नका," एवढं बोलून मी पुढच्या रुग्णाला हाक मारली. ते हलले नाहीत.

"काळजी करू नका म्हंतासा. पर कसली, ते इचारलंच न्हाई."

स्वर मऊ होता. मला ते अजून टोचतं. मी विचारलं. एकुलता मुलगा फौजेत, सीमेवर. त्याचा फोन येईनासा झाला की यांच्या जिभेवर चट्टे उमटत.

ते आचारी होते. आसपासच्या गावांतल्या जत्रांचा स्वयंपाक त्यांच्याकडे असे. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत आमटीचा थेंबही चाखायचा नाही, ही रीत. मीठ-तिखट ते वाफेच्या वासावर जोखत. एकदा मी चेष्टेनं म्हणालो, "मग जिभेची एवढी चिंता कशाला?"

"आवं, धंद्यात हिला काम न्हाई, म्हणून तर बसून रडती! डोळ्यानं रडलो तर घरची म्हातारी लगेच वळखती. तोंडातलं कोण बघतंय?"

तुम्हीही पाहिलं असेल, प्रत्येकाचं दुःख निराळ्या जागी मुक्काम करतं. त्यानंतर मी औषध कमीच देई. चट्टे नीट पाही आणि विचारी, "कुठं आहे सध्या पोरगा?" मग ते बोलत राहत आणि बाकावरची माणसं तिष्ठत.

मागच्या जत्रेत मी पंगतीला बसलो होतो. आमटीची बादली घेऊन ते समोर आले आणि चारचौघांत जीभ काढली. स्वच्छ, गुलाबी.

"पोरगं कायमचं घरी आलंय, डाक्टर!"

मागं भाताचं घमेलं धरून एक उंच जवान लाजून हसत होता. "आबा, आत घ्या की ती," तो म्हणाला.

त्यानंतर ते आले नाहीत. येण्याचं कारणच उरलं नाही. तरी दुपारी दार करकरलं की माझी मान वर होते. मग मनाशी शरमतो. त्यांची वाट पाहणं म्हणजे त्यांच्या घरी पुन्हा काळजी येण्याची वाट पाहणं.

दार उघडतं. कुणीतरी गाल धरून उभं असतं, दाढ ठणकत असते. खुर्चीकडे हात दाखवताना मी हळूच पुटपुटतो, "बरं झालं."