पंख्याखालची जागा

देवकाबाई आमच्या भंडाऱ्याच्या कॉलेजात लायब्ररीच्या दारावर बसायच्या. हुद्दा शिपायाचा, पण तोरा असा की ती इमारत जणू यांनीच माहेराहून आणली आहे. चौऱ्याहत्तर साली नवी लायब्ररी उभी राहिली आणि त्याच वर्षी, नवरा गेल्यावर, बाईंना तिथे नोकरी लागली. कोणी पाहुणा आला की ग्रंथपाल केशवराव खुर्चीतून हलायचे नाहीत. बाईच पुढे व्हायच्या. पुढे पुढे केशवरावांनाच उठावं लागायला लागलं. ते का, तेच सांगते.

दाराशी पिशव्या ठेवायच्या फळ्या होत्या. पिशवी दिली की हातात पितळी बिल्ला यायचा. आत मोठा हॉल, उंच छत, छताखाली झरोके आणि लांब दांड्यांचे पंखे. मागे जाळीच्या आड लोखंडी रॅक. तिथे आपण जायचं नाही, चिठ्ठी द्यायची आणि पुस्तक खिडकीतून घ्यायचं. मुलींसाठी वरच्या मजल्यावर खास खोली, मागच्या बाजूने वेगळा जिना. त्या खोलीत माठ, आरसा, बाकं आणि जुनी मासिकं. अभ्यासाची जाड पुस्तकं मात्र हॉलच्या बाहेर न्यायला मनाई! म्हणजे मुलींनी वर बसून आरशात पाहावं आणि मुलांनी खाली बसून पास व्हावं. हा नियम करणाऱ्याच्या अकलेची मला आजही कीव येते.

चंद्रकला माझ्या वर्गातली, शहापूरची. तिचे वडील मारोतराव धानाचे व्यापारी. पोरगी मुलांमध्ये बसणार नाही, या एकाच अटीवर त्यांनी तिला बी.ए.ला घातलं होतं. पण अर्थशास्त्राची पुस्तकं खालीच, मग ती करणार काय? हॉलमध्ये बसायची. देवकाबाईंना तिने आधीच सांगून ठेवलं होतं, "मावशी, बाबूजी आले तं मी वर बसते म्हना."

"म्हनीन ना वं, त्यात काय," बाई म्हणाल्या होत्या.

मारोतराव आले ते शेवटच्या वर्षी, परीक्षा तोंडावर आलेली असताना. बाजारात काम होतं म्हणून सहज डोकावले, दाराशी चंद्रकलाचा बाप म्हणून ओळख दिली. चंद्रकला तेव्हा वर्गात होती. त्यांनी पुढे काही विचारलंसुद्धा नाही. चहूकडे पाहून एवढंच म्हणाले, "इमारत मोठी बेस आहे."

झालं! बाईंची कळी खुलली. पंखे दाखवले, झरोके दाखवले, खिडकी दाखवली आणि एका टेबलावर हात ठेवून म्हणाल्या, "आन् हे तुमच्या चंद्रकलाची जागा. पंख्यासाठी पोट्टे भांडतेत, पर हिची जागा कोनी घेत नाई."

मारोतरावांनी मान हलवली, बिल्ला देऊन पिशवी घेतली, नमस्कार केला आणि गेले. आपण काय बोलून बसलो ते कळलं तेव्हा बाई रस्त्यापर्यंत धावत गेल्या. ते दिसेनासे झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून चंद्रकला यायची बंद झाली. मग कळलं, तिच्यासाठी स्थळ पाहताहेत. एक दिवस मला जिन्याखाली ओढून बाईंनी सगळं सांगितलं. "माही जीभ झडली असती तं बरं झालं असतं," म्हणाल्या. मीही खूप चिडले, वाट्टेल ते बोलले. मग दोघी एसटीने शहापूरला गेलो.

मारोतरावांनी बाजेवर बसवलं. चंद्रकला आत चहा करत होती. बाई म्हणाल्या, "दादा, पोरीले परीक्षा तं देऊ द्या."

"तुमच्यावर माहा राग नाई, बाई," ते हळूच म्हणाले. "तुमी खरं बोलल्या. खोटं घरातच निंगालं." आणि अंगणात धानाची पोती मोजायला निघून गेले.

चंद्रकला चहा घेऊन आली. डोळे सुजलेले. बाईंच्या जवळ खाली बसली. "मावशी, कोन्या तरी पोट्ट्यानं चुगली केली. बाबूजी नाव सांगत नाई. तुमी सांगा त्यायले, मी वरच बसत होती म्हनून. तुमचं आयकतीन. माह्या बाजूनं तुमच्याशिवाय कोनी नाई."

बाईंनी हातातली बशी खाली ठेवली. 'सांगते' म्हणून वेळ मारून नेता आली असती. मी मनातल्या मनात देवाला तेच विनवत होते.

"मीच सांगतलं, पोरी," देवकाबाई म्हणाल्या.

"तुमी? काहून?"

"इमारत दाखवून राहिली होती."

चंद्रकला त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं, असं मला अजून वाटतं. तिने पदर सारखा केला आणि उठली.

"चहा थंडा होऊन राहिला, घ्या," ती म्हणाली. मग दाराशी जाऊन अंगणात हाक मारली, "बाबूजी, या बाईले स्टँडवर पोचवून द्या. त्यायची गाडी चुकन."