मामांची सहावी पट्टी

उल्हास नदीतल्या माशांना मतदानाचा अधिकार असता, तर माझ्या बायकोचे मामा बदलापूरपासून थेट खाडीपर्यंत बिनविरोध निवडून आले असते. गेली पस्तीस वर्षं हा माणूस दर रविवारी मासे पकडतो आणि पकडलेला प्रत्येक मासा आधी हात ओले करून, मग दोन्ही तळव्यांत धरून, "सॉरी हां बाबा" म्हणत परत सोडून देतो. कोरड्या हाताने धरलं की माशाची कातडी दुखावते म्हणे. मामी अंबरनाथच्या अख्ख्या शिवमंदिर भागात सांगत असतात, "आमचे हे दर रविवारी मासे पकडायला जातात, आणि मी दर रविवारी मासे आणायला बाजारात जाते." नवा जावई म्हणून मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा ताटात कुरकुरीत बोंबील होते. मी आपला कौतुकाने म्हणालो, "वा मामा, हे तुम्ही पकडलेले का?" मामांनी घास खाली ठेवला आणि मामींकडे बघून म्हणाले, "पोरगी कुणाला दिली आपण?"

मामा अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. टूलरूमचा माणूस म्हणजे इंचाचे हजार भाग करून त्यातल्या एका भागासाठी भांडणारा प्राणी. त्या एका भागाला ते 'थाऊ' म्हणतात, आणि रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी मामांचं सगळं जग थाऊतच चालतं. चपाती आज चार थाऊ जाड झाली. न्हाव्याने डावी मिशी दहा थाऊ जास्त उडवली. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर मजकूर वाचायच्या आधी त्यांनी तो कागद जाडी मोजायच्या मायक्रोमीटरमध्ये धरला आणि "चांगला आहे" म्हणाले. कागद चांगला. मुलाची चौकशी नंतर. कारखान्यात मशीन बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर सुट्टीच्या दिवशी नदीवर मासे पकडायला जायचा. परत जाताना त्याने आपली मोडलेली बांबूची काठी मामांना दिली. दुसरा कुणी असता तर त्या काठीने जाळी-जळमटं काढली असती. मामांनी ती आडवी कापून बघितली, तर आत सहा तिकोनी पट्ट्या, एकमेकींना अशा चिकटलेल्या की सांधा नखाला लागत नव्हता. "त्या दिवशी माझं डोकं फिरलं," असं मामा सांगतात. मामी लगेच आतून म्हणतात, "आणि अजून जागेवर आलेलं नाही."

आता ही काठी कशी होते ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो, कारण मी स्वतः ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलताना स्टुलावरून पडलेला माणूस आहे. बांबू उभा चिरायचा, त्याच्या पट्ट्या काढायच्या, गाठी आचेवर शेकून सरळ करायच्या. मग लोखंडी साच्यात ठेवून रंधा मारत मारत प्रत्येक पट्टी तिकोनी करायची, बुडाशी जाड आणि शेंड्याला काडेपेटीच्या काडीहून बारीक. रंधा फक्त दोन बाजूंना. तिसरी बाजू म्हणजे बांबूची चकचकीत पाठ, तिला पातं लागता कामा नये, कारण सगळी ताकद तिथे असते. सहाही पट्ट्या एकाच बांबूच्या पाहिजेत, नाहीतर काठी एका अंगाला झुकते. मग सरस, रेशमी दोऱ्याचे वेढे, व्हार्निश. गळाला आमिष म्हणून गांडूळबिंडूळ नाही. कोंबडीवाल्याकडून आणलेल्या पिसांची माशी बांधायची, ती पण अशी, की एकदा मामींनी टेबलावरची माशी चपलेने मारली आणि मामांचं चार दिवसांचं काम सपाट झालं. मी राहतो उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये. आमच्याकडे कुठलीही वस्तू सकाळी दाखवा, संध्याकाळी तिचा जुळा भाऊ तयार. माझ्या शेजारचे शेठ एकदा हौसेने माझ्याबरोबर आले आणि काठी बघून म्हणाले, "साईं, एक सॅम्पल दे दो, महिने में हजार पीस निकाल दूंगा." मामांनी त्यांच्या हातात रंधा आणि एक पट्टी दिली. दोन तासांनी शेठनी घाम पुसला, रंधा कपाळाला लावून खाली ठेवला आणि म्हणाले, "इसका कॉपी नहीं होगा, साईं." आमच्या गावात याहून मोठा मान कुणाला मिळालेला मला ठाऊक नाही.

तर अशा या मामांना तीन वर्षांपूर्वी एका रविवारी मामींनी चहा गाळता गाळता म्हटलं, "माझ्यासाठी पण एक काठी करा की. बघू तरी, एवढं काय असतं तिथे." इतकी वर्षं थट्टा ऐकलेला माणूस तो! मामांनी चहासुद्धा घेतला नाही. मला फोन करून बोलावलं आणि आम्ही बदलापूरच्या पलीकडच्या गावात बांबू आणायला गेलो. तिथे मामा एकेका बांबूवर टिचकी मारायचे, कान लावायचे, मान हलवायचे. दुपार झाली तेव्हा बांबूवाला वैतागून म्हणाला, "काका, तुमी बांबू घ्याला आलाव का पोरगी बघाला?" मामा म्हणाले, "बायकोसाठी बांबू बघतोय." निवडलेल्या बांबूचा खालचा भाग मामांनी काठीसाठी माळ्यावर ठेवला. तो तीन वर्षं वाळायला हवा होता.

त्याच वर्षी मामांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती औषधाने टिकेल तेवढी टिकेल. मामांनी डोळ्यांबद्दल एकच प्रश्न विचारला, "तीन वर्षं निघतील का?" बांबूला घाई करता येत नाही आणि डोळ्यांना थांबवता येत नाही, अशा कात्रीत हा माणूस दिवस काढत होता, आणि मामींना त्याचा पत्ता लागू देत नव्हता.

यंदा मामांनी बांबू चिरला. पाच पट्ट्या झाल्या. सहावीला रंधा चालू होता तेव्हा मी समोर चहा पीत बसलो होतो. रंधा एकदम थांबला. मामांनी पट्टीवरून अंगठा फिरवला, परत फिरवला. "पाठ गेली," ते म्हणाले. आयुष्यभर जी बाजू त्यांनी जपली, तिच्यावरच रंधा मारला होता. दिसलीच नव्हती त्यांना. खालच्या भागातली एकही पट्टी उरली नव्हती, आणि नवा बांबू म्हणजे आणखी तीन वर्षं. मामा हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मी कपाकडे बघत राहिलो. मामी आतून आल्या. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि तडक गॅलरीत गेल्या. तिथे कपडे वाळत घालायला एक बांबू टांगलेला होता. त्यावरचे कपडे त्यांनी माझ्या अंगावर टाकले आणि बांबू उतरवून मामांच्या पायाशी आणला. "हा त्याच बांबूचा वरचा भाग. तुम्हीच टांगून दिला होतात, विसरलात? तीन वर्षं ओल्या चादरी पेलतोय, तुमचा मासा नाही पेलणार?"

मामांनी टिचकी मारली. कान लावला. मग इतक्या हळू म्हणाले की मला जेमतेम ऐकू आलं, "पण मला पाठ दिसत नाही गं."

"मला दिसते ना," मामी म्हणाल्या आणि पदर खोचून समोर बसल्या. मामा रंधा मारायचे, पट्टी फिरवायचे, आणि मामी प्रत्येक वेळी सांगायच्या, "बाजू... बाजू... थांबा, पाठ." मायक्रोमीटर त्या वाचायच्या. तीन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर मामी मलाच म्हणाल्या, "जावईबापू, अर्धा थाऊ जास्त आहे, जरा गप्प बसा." दोन माणसं चार हातांनी आणि दोन डोळ्यांनी काम करत होती, आणि मी एवढा बडबड्या माणूस, पण त्या खोलीत मला मोठ्याने श्वास घ्यायचीही हिंमत झाली नाही.

गेल्या महिन्यात आम्ही ती काठी घेऊन बदलापूरच्या वर, जलपर्णी नसलेल्या एका डोहावर गेलो. मामी गुडघाभर पाण्यात, मागे मामा. दोरी हवेत सूं करून जायची आणि मामा नुसत्या आवाजावरून सांगायचे, "हात फार मागे गेला. हां, आता बरोबर." तासाभराने काठी वाकली. मामींनी मासा जवळ आणला आणि न सांगता आधी हात ओले केले. मग मागे वळून मामांचेही हात धरून पाण्यात बुडवले आणि मासा त्यांच्या तळव्यांत ठेवला. मामांनी बोटं फिरवली, डोक्यापासून शेपटीपर्यंत, पट्टीवरून फिरवायचे तशीच. नेहमीचं "सॉरी हां बाबा" पुटपुटले आणि तळवे उघडले.

"गेला," मामी म्हणाल्या.

"हो, दिसला मला," मामा म्हणाले, आणि ओल्या हातांनीच त्यांनी मामींचा हात धरला. काठी तेवढा वेळ माझ्याकडे होती. मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होतो, आणि मला समोरचं धड काही दिसत नव्हतं.