ताईच्या नावावरचं वाक्य

घरात कुणी काही बातमी आणली की ताईचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुला कुणी सांगितलं?" शेजारच्या मुलीचं लग्न मोडलं म्हणा, नाहीतर साखर महागली म्हणा. धाकटा भाऊ तिला लहानपणापासून फौजदार म्हणायचा. चष्म्याच्या दुकानात उभ्याउभ्या तिने पन्नाशी ओलांडली, तरी खोड गेली नाही. उलट ऑनलाइन ज्ञानकोशातले लेख आपल्या भाषेत आणायला लागल्यापासून त्या खोडीला मान मिळाला.

पडद्यावर डावीकडे मूळ लेख, उजवीकडे तिचा. वाक्यं उतरायची, पण त्यांच्या शेपटाला लागलेले संदर्भाचे बारके आकडे सगळे उतरायचे नाहीत. मूळ लेखात एखाद्या पुस्तकाची पूर्ण माहिती एकदाच कुठेतरी दिलेली असते, बाकी ठिकाणी नुसतं त्याचं टोपणनाव. एखादाच भाग उचलला की टोपणनाव येतं, पुस्तक मागे राहतं आणि खाली लाल ओळ उमटते : या नावाचा संदर्भ सापडला नाही.

"वऱ्हाड दारात आणि नवरदेव घरीच," असं म्हणत ताई नवरदेव शोधायला निघायची. पुस्तक गाठायचं, ते पान स्वतः वाचायचं, मगच आकडा जोडायचा. वाचायला मिळालं नाही, तर वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी पाटी लावून ठेवायची.

आईला विसरायला व्हायला लागलं, तेव्हा ताईने स्मृतिभ्रंशावरचा लेख हातात घेतला. आई भावाकडे राहायची. स्वतःचा संगणक बिघडल्यामुळे ताई सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन भावाच्या संगणकावर काम करायची. आई शेजारी बसून ऐकायची. हिशेबात, नावांत ती चुकायची. पण लेकीने लिहिलेलं तिला नीट कळायचं, आणि त्याचा अभिमानही होता.

एका वाक्यावर ताई अडली. 'अशा व्यक्तींना घरापेक्षा देखभाल केंद्रात अधिक स्वस्थ वाटते.' संदर्भ आला नव्हता.

"हे कोण म्हणतं?" ताई पुटपुटली.

"मूळ लेखात आहे ना? मग झालं," भाऊ म्हणाला. "लाल ओळ घालवायचीये एवढंच ना? दुसरा कुठलाही संदर्भ डकव. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"फौजदार, जेवायला चला."

वाक्यापुढे पाटी लावून ती उठली. ज्ञानकोशातलं तिचं खातं उघडंच राहिलं. भावाच्या घरात कुलूप कशाला लावायचं?

आईला केंद्रात ठेवावं, असं भावाच्या मनात बरेच दिवस होतं. गॅस दोनदा उघडा राहिला होता, मुलांना अभ्यासाला खोली नव्हती. त्याचंही चूक नव्हतं. पण ताईचा विरोध होता, आणि आई तर उंबऱ्याबाहेर पाय टाकायला तयार नव्हती. मग एक दिवस आईचाच फोन आला. "मी जाते तिकडे. आता वाद नको." आवाज कोरडा होता. ताईने किती विचारलं, आईने फोन ठेवून दिला.

केंद्र स्वच्छ होतं. धुतलेल्या फरशीचा वास, खिडकीशी खुर्ची, कपाटावर आईचं नाव चिकटवलेलं. ताईने आणलेली फळांची टोपली आईने न बघता बाजूला सरकवली.

"आई, मी नको म्हणत होते. तू का कबूल झालीस?"

"नको म्हणत होतीस? तोंडावर एक आणि लिहिताना एक? मला घरात बरं वाटत नाही, हे तूच लिहिलंस ना? तो वाचून दाखवत होता. मी म्हटलं, दाखव, कुणी सांगितलंय. तर खाली आकडासुद्धा होता. तू आकडा लावलास म्हणजे तू बघितलं असणार."

ताईने तिथेच मोबाइलवर लेख उघडला. वाक्य जागेवर होतं. पाटी नव्हती. शेवटी नीटनेटका आकडा होता. तिने आकड्यावर बोट ठेवलं. खाली नाव आलं ते दातांच्या कवळीची निगा कशी राखावी, या विषयावरच्या पुस्तिकेचं.

व्हरांड्यात येऊन तिने भावाला फोन लावला.

"पाटी तू काढलीस?"

"ताई, तिला दुसऱ्या कुणाचं पटलंच नसतं गं."

"म्हणून माझ्या नावाने?"

"मी वाक्य बदललं का? वाक्य तुझंच होतं. एक आकडा तर लावला! एवढ्याशा आकड्याने काय आभाळ कोसळतं?"

"आई घराबाहेर गेली त्याने."

"मग ने ना तुझ्याकडे. बोलायला काय जातं!"

फोन बंद करून ती बाकावर बसली. सवयीने तिने मूळ लेख शेवटपर्यंत चाळला. तिने अजून भाषांतर न केलेला जो अगदी शेवटचा भाग होता, त्यात त्या टोपणनावाचं पुस्तक मिळालं. मजकूर उघडला. ज्यांच्यामागे कुणीच नाही, जे एकटे राहतात, अशा लोकांबद्दलच ते निरीक्षण होतं. तसं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. तिने वाक्य पुसून टाकलं. पुसताना तिला वाटलं, पाटी लावून का होईना, आपणच हे घरात आणलं.

आत येऊन तिने आईला सगळं सांगितलं. संदर्भ कसा मागे राहिला, पाटी कुणी काढली, कवळीची पुस्तिका, सगळं. आई खिडकीबाहेर बघत होती.

"म्हणजे त्याने खोटं वाचून दाखवलं."

"हो."

"आणि नाव तुझं."

"हो, आई."

"कुणाचं खरं मानायचं मग मी? माझं डोकं हे असं. तुमच्याच भरवशावर आहे ना मी?"

ताई आईच्या पायाशी खाली बसली. "माझ्याकडे चल. खोली एकच आहे, मी दिवसभर दुकानात असते. जमेल का, ठाऊक नाही. पण तुला माझ्याकडे बरं वाटेल."

आईने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं.

"हे कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही," ताई म्हणाली.

आईने हात पुढे केला. धरायला की बाजूला सारायला, ते ताईला कळलं नाही. आईने टोपलीतलं एक फळ उचललं आणि ते सोलायला सुरुवात केली.