मानता फेडल्यावर

"दारू सोडा आधी, मग या."

सोनोग्राफीवाला डॉक्टर आमच्या कपाळावरचं गोंदण बघून म्हणाला. कागद त्यानं उघडलाच नव्हता. बाकावरची माणसं हसली.

मी आणि माझी धाकटी बहीण. रनाळ्याच्या, भिलाच्या पोरी. दोघींनी दारूचा थेंब कधी तोंडाला लावला नाही. लहानपणी जत्रेत एकाच सुईनं दोघींना गोंदलं. त्या सुईनं असेल की गावच्या डॉक्टरच्या, कोण सांगणार? हेपॅटायटिस सी दोघींच्या रक्तात निघाला. गोळ्या खाल्ल्या, विषाणू गेला. पण गोळ्या देणाऱ्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "लिव्हर आधीच कडक झालंय. त्यात कॅन्सरची गाठ होऊ शकते. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा."

म्हणून तर आलो होतो. विषाणू गेला तरी तपासायला सांगितलंय म्हणत मी कागद पुढे केला.

"बरी झालीस ना? मग मशीन कशाला अडवतेस?"

बहिणीनं माझा पदर ओढला. "चाल ना बाई, लोके देखी ऱ्हायनात."

ती पुन्हा गेलीच नाही. तिच्यामागं मीही नाही. बऱ्या झालो तेव्हा देवमोगरा मातेची मानता, बोललेला नवस, फेडली होती. कोंबडा कापला, भाऊबंद जेवले. फेडल्यावर त्याच दुखण्यासाठी दवाखान्यात जायचं म्हणजे देवीवर भरवसा नाही, असं ती म्हणायची. "मानता फेडी टाकी, आते कसाले जावानं?" देवीचं नाव होतं. खरी तिला त्या बाकाची लाज वाटायची.

यंदा कापूस वेचताना ती बांधावर बसली, ती उठेना. पोट फुगलेलं. गाठ आता कापण्यापलीकडे गेली म्हणतात. खाटेवर पडून आहे, पाणीही ठरत नाही. मला रडू येत नाही, नुसता जीव जळतो. माझंही लिव्हर तसलंच. रात्रंदिवस हात पोटावर जातो.

काल मी एकटी गेले. तोच डॉक्टर. पुन्हा कपाळाकडेच बघितलं.

"दारू..."

"मी पीत नाही. माझी बहीण पीत नव्हती. ती मरायला टेकलीय. तिचा कागद तुम्ही वाचला नाही. आज माझा वाचा. मोठ्यानं. बाकावरच्यांना ऐकू जाऊ द्या."

तो शिपायाला हाका मारायला लागला. मी आत जाऊन टेबलावर आडवी झाले. पोटावरचं लुगडं सारलं.

"लावा मशीन."

बाकावरची माणसं बघत होती. लावलं त्यानं, कागद न वाचताच. गाठ दिसत नाही म्हणाला. आज दिसत नाही, एवढंच. बहीण काही आता जगत नाही.

सहा महिन्यांनी मी परत जाणार. त्या जत्रेत गोंदलेल्या सगळ्या बायांना, रक्ततपासणीचे कागद करून, घेऊन जाणार. कपाळावर पदर न ओढता. आणि कागद वाचल्याशिवाय त्या बाकावरून एकही उठणार नाही.